कळीतला दाब

आमच्या अंगणात डाळिंबाचं एक झाड आहे आणि त्या झाडाखालून जाण्याचा एक नियम आहे. खाली पडलेल्या फुलांवर पाय द्यायचा नाही. नियम माझा. तो मोडणाऱ्यावर मी इतकी ओरडते की दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, सगळे फाटकातून आत आले की आधी आपल्या पायांखाली बघतात. गॅसवाल्याने एकदा माझ्या मुलीला हळूच विचारलं होतं, "मॅडम घरी नाहीत ना?" मी खिडकीतच उभी होते. तेव्हापासून तो भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन, फुलं चुकवत, चवड्यांवर येतो. मला त्याची दया येते, पण नियम तो नियम.

डाळिंबाला फुलं पुष्कळ लागतात आणि त्यांतली बरीचशी फळ न धरताच गळतात. लोकांच्या लेखी तो कचरा. मी दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यातलं निम्मं तरी या कचऱ्याच्या जोरावर. पिशवीत कळ्या आणि फुलं भरून न्यायची, प्रत्येक बाकावर एकेक ठेवायची आणि म्हणायचं, उकला. पोरं आधी फिदीफिदी हसायची. मग डाळिंबाची पाकळी बोटांत धरून सरळ करायला लागली की गप्प व्हायची, कारण ती सरळ होत नाही. कितीही हलक्या हाताने पसरा, सुरकुत्या राहतातच.

"हिला असं चुरगळलं कोणी?" मी विचारायचे. कोणी म्हणायचं वाऱ्याने, कोणी म्हणायचं उन्हाने. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला होता, "मॅडम, इस्त्रीवाला सुट्टीवर होता." त्याला मी बाहेर काढलं आणि दाराआड जाऊन हसून घेतलं.

चुरगळते ती कळीतच. डाळिंबाच्या कळीचं बाहेरचं लाल कवच चामड्याइतकं जाड असतं. आत पाकळ्या भराभर वाढतात, आणि कवच काही त्यांच्या वेगाने वाढत नाही. जागाच नाही, मग पाकळी जाणार कुठे? ती स्वतःवरच दुमडते, त्या दुमडीत पुन्हा दुमडते आणि तशीच मोठी होते. जास्वंदीची तऱ्हा निराळी. तिथे प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीखाली दबलेली आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीवर रेललेली, त्यामुळे सगळ्या मिळून पिळल्यासारख्या गुंडाळल्या जातात. आपल्या कपाशीचंही तसंच, पातीतून, म्हणजे तिच्या कळीतून, बाहेर येणारं पिवळं टोक पिळलेलंच असतं. फुलाचा आकार बियाण्यातून येतो हे खरं. पण कळीत कोणाला किती जागा मिळाली आणि रेटा कुठून आला, त्यावरही तो घडतो. उमललेल्या फुलावर त्या दाबाच्या खुणा दिसतात. मला याचं इतकं वेड होतं की लग्नात, एसटीत, रेशनच्या रांगेत, जो सापडेल त्याला मी हे ऐकवत सुटायचे.

सगळ्यात जास्त ऐकलं माझ्या मुलीने. एकुलती एक, जाते कुठे? तिचे वडील ती लहान असतानाच गेले. डाळिंब त्यांनी लावलेलं. त्यानंतर घरात आम्ही दोघी आणि कुंड्या. ती दुसरी-तिसरीत असेल, तेव्हा मी तिला जास्वंदीची एक कळी दाखवली, कळीच्या एका अंगाला काडेपेटीतली काडी लावली आणि वरून शिवणाचा दोरा आवळला. "आता बघ काय गंमत होते," म्हटलं. काही दिवसांनी फूल उमललं ते एकीकडे ऐसपैस आणि दुसरीकडे मुडपलेलं. काडी होती तिथल्या पाकळ्या आखूड राहिल्या होत्या. मी एकदम खूश. पोरगी मात्र रडायला लागली. "तू कायले बांधला दोरा? त्याले लागलं असन." फुलाला दुखत नसतं हे मी तिला नाना परींनी समजावलं, तरी त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे ती शिकली आणि लग्न होऊन राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गेली. जावई शेती करतो, मन लावून करतो, आणि हिनेही पदवीची गुंडाळी ट्रंकेत ठेवून त्याच्या बरोबरीने शेती अंगावर घेतली. त्या वर्षी वेचणीला मजूर मिळेना. हिला सातवा महिना लागलेला, तरी कमरेला लुगड्याची झोळी बांधून ही कापूस वेचत होती. मला तिने पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर पहिल्या एसटीने जाऊन मी तिला उचलून आणलं असतं, आणि जावयाला चार शब्द सुनावले असते ते वेगळे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्यात ती दारव्ह्याला आली तेव्हा पोट कमी आणि उन्हाने रापलेलं तोंडच जास्त दिसत होतं.

मुलगी झाली. मी आधी तिचं तोंड पाहिलं, जावळ पाहिलं, हाताची बोटं पाहिली. मग सिस्टरने दुपटं बाजूला केलं. डावा पाय घोट्यापासून आत वळला होता. तळवा वर आलेला, टाच वर ओढलेली, जणू पाऊल पोटाशी धरूनच ती झोपली होती. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की काही बाळांना असं असतं, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी अशी बाळं बघतात, आठवड्या-आठवड्याला प्लास्टर घालत पाऊल वळवत आणतात आणि पोरं पुढे धावतात. "फक्त उशीर करू नका. हाडं अजून मऊ आहेत." मी मान हलवली. बाहेर येऊन बाकावर बसले. जन्मभर फुलांच्या वाकडेपणाची गंमत सांगत फिरले होते मी, पण हे पाऊल माझ्या नातीचं होतं.

पहिलं प्लास्टर घालायला आम्ही दोघी बाळाला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाऊल हातात घेतलं, बराच वेळ नुसतं चोळल्यासारखं वळवत राहिले, मग मांडीपर्यंत कापूस गुंडाळला, त्यावर ओलं प्लास्टर, आणि ते घट्ट होईपर्यंत पावलाच्या एका ठिकाणी अंगठा टेकवून ठेवला. नात लालेलाल होईस्तोवर रडली. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. यवतमाळ ते दारव्हा ती प्लास्टरच्या पायावर पदर घालून खिडकीबाहेर बघत राहिली.

दवाखान्यात सांगितलं होतं, पुढच्या बुधवारी सकाळी कोमट पाण्यात भिजवून प्लास्टर घरीच काढून या. बुधवार अजून लांब होता तेव्हाची गोष्ट. दुपारी न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला म्हणून डोकावले. मुलगी पाटावर बसली होती, बाळ मांडीवर, डावा पाय घमेल्यात, आणि पाणी पांढरं झालं होतं.

"हे काय करून राह्यली?"

"काढून राह्यली."

"अवं, पण बुधवारी जायचं हाय न!"

"जायचं नाई." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "एकदा म्या दाबलं. आता पुन्हा कोनाले दाबू देनार नाई."

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं, प्लास्टरचे भिजलेले पट्टे सोडवत सोडवत. "कमरेले झोळी बांधत होती न मी. कापूस भरला का थे पोटावर येते. घसरू नये म्हनून ओढून गाठ मारायची. डाव्या अंगाले यायची गाठ. आन पाय पाह्य कोनता हाय."

"असं काही नसते, बाई."

"तूच त दाखवलं होतं. जास्वंदीची कळी. काडी लावून दोरा आवळला होता. थे फूल कसं झालं होतं, माह्या ध्यानात हाय."

आमच्या घरी ग्रहण पाळत नाहीत. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर ग्रहण, विटाळ, दृष्ट, सगळंच घराबाहेर गेलं, आणि मी त्याचा तोरा मिरवत मोठी झाले. दुसऱ्या घरातल्या बाईला असं काही झालं की निदान आकाशातल्या चंद्रावर ढकलता येतं. माझ्या लेकीला ती सोय नव्हती. तिच्याजवळ जीवशास्त्र होतं, आणि तेही मीच शिकवलेलं.

मी वाद घातला. बाळ पोटात पाण्यात असतं, पाण्याभोवती पिशवी, पिशवीभोवती गर्भाशयाची जाड भिंत, कापसाच्या झोळीची काय बिशाद. शिवाय हे का होतं ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. यावर ती म्हणाली, "मंग तुले कसं मालूम, का झोळीनं नाई झालं?" वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. घरात मी भांडं आपटलं, ओरडले, बाळ दचकून उठलं, आणि आम्ही तिघीही रडलो.

तो बुधवार गेला. जावई फोनवर म्हणायचा, "आई, तुम्हीच समजवा, माह्यं ऐकत नाई थे." मी काय समजावणार? हाडं मऊ आहेत तोवर, एवढंच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. रोज अंघोळीच्या वेळी मी ते पाऊल बघायचे आणि मला फार भीती वाटायची.

मग मला जे येतं ते मी केलं. जास्वंदीपाशी गेले. अर्ध्या वाढलेल्या कळ्या निवडल्या, काड्या लावल्या, दोरे आवळले. दोन दिवसांनी ते सोडले आणि दबलेल्या बाजूला फुलायला वाव मिळावा म्हणून उलट अंगाने कापसाची वात लावून अगदी हलका आधार बांधला. दाब जसा वाकवतो तसा सावरतोही, हे मला तिला डोळ्यांनी दाखवायचं होतं. ती बाजेवरून खिडकीतून सगळं बघत होती. पण जास्वंदीच्या कळीला फार हात लावला की ती गळते, हे मला तरी कोणी शिकवायला नको होतं. एका सकाळी बघते तर बांधलेल्या कळ्या खाली पडलेल्या, वातीसकट.

"पाह्य," मुलगी खिडकीतून म्हणाली. "गळल्या." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

आता राईच्या उशीबद्दल सांगायला हवं. व्याहीणबाईंनी बारशाच्या आधीच नातीसाठी मोहरीचे दाणे भरलेली छोटी उशी शिवून पाठवली होती. तिच्यावर डोकं ठेवलं की ते गोल होतं म्हणतात. आणि अंघोळीनंतर तेलाच्या बोटांनी बाळाचं नाक ओढायचं, म्हणजे ते धारदार होतं. या दोन्ही गोष्टींवर माझ्या तोंडाचा पट्टा कायम सुरू. डोकं आपसूक गोल होतं, नाक ज्याच्या त्याच्या बापाचं येतं, असं मी दहादा बजावलेलं. त्यामुळे मुलगी हे सगळं माझ्या चोरून करायची.

त्या सकाळी मी धुरीसाठी निखारे घेऊन खोलीत शिरले आणि ती पकडली गेली. बाळाचं डोकं तिने उचललं होतं आणि दुसऱ्या हाताने उशीतली मोहरी इकडून तिकडे सारत होती, डोक्याच्या चपट्या भागाखाली खळगा यावा म्हणून. मग डोकं ठेवलं. मग अंगठा आणि बोट तेलात बुडवून नाकाच्या दोन्ही अंगांनी असं हळू फिरवायला लागली की नातीचे डोळे मिटत चालले. हात, छाती, उजवा पाय, सगळं तेलाने चकाकत होतं. डावा पाय तेवढा दुपट्यात झाकलेला. मालिश करताना ती तो वगळायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी निखारे खाली ठेवले आणि तिच्याजवळ बसले.

"रागवू नको," ती घाईने म्हणाली. "नाक जरासं बसकं हाय, बापासारखं."

"दाबून राह्यली न?"

तिची बोटं थांबली. "हे दाबनं थोडी हाय."

"मंग काय हाय?"

"हे... हे मायेनं करते मी."

"मंग थो डॉक्टर काय दुश्मनीनं करते? त्याचा अंगठा पाह्यला का तू? नाई पाह्यला. तू भिताडाकडे तोंड करून उभी होती. म्या पाह्यला. तू आता जशी करून राह्यली न, तस्साच. पोरगी रडली थे परका हात म्हनून, आन भूक लागली म्हनून."

मी भाषण ठोकायचं ठरवून आले नव्हते, पण बोलतच गेले. नोकरीला लागले त्या काळी मी डाळिंबाच्या एका कळीचं कवच ब्लेडने चिरलं होतं, आतल्या पाकळ्या मोकळ्या वाढाव्यात, बिनसुरकुतीचं फूल मिळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पाकळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. दाब गेला, त्याबरोबर ओल गेली, सावली गेली, झाकण गेलं. "तू माह्या पोटात होती तवा तुले तरी कुठं जागा होती?" मी म्हटलं. "लाथा मारून मारून माह्या बरगड्या दुखवल्या तू. सगळी लेकरं दुमडूनच असतात, बाई. एखाद्याची दुमड राहून जाते. थे काहून, मले नाई मालूम. झोळीनं नाई, येवढं मी सांगते. आन झोळीनं झालं असतं तरी तू थोडीच जानूनबुजून केलं?"

मी दुपटं बाजूला केलं, तिची तेलकट बोटं धरली आणि त्या पावलावर ठेवली. आधी ती हात मागे घेईल असं वाटलं. मग तिचा अंगठा तळव्यावरून फिरला, टाचेपर्यंत गेला, परत आला. पाऊल तिच्या हाताबरोबर किंचित वळलं, आणि सोडल्यावर पुन्हा आत गेलं. तिने ते पुन्हा वळवलं. नात झोपेत ओठ हलवत होती. मुलीच्या डोळ्यांतून पाणी गळून नातीच्या पोटावर पडत होतं आणि मी ते पदराने टिपत होते.

"बुधवार कवा हाय?" तिने विचारलं.

बुधवारी आम्ही इतक्या लवकर पोचलो की दवाखान्याचा झाडूवालाही आला नव्हता. हळूहळू बाकडं भरलं. सगळ्या आयाच, प्रत्येकीच्या मांडीवर एक वाकडं पाऊल. माझ्या मुलीला राहवेना. शेजारी झरी जामणीकडून दोन गाड्या बदलून आलेली एक पोरसवदा आई होती, तिला हिने सरळ विचारलं, "तुमचं कशानं झालं?"

"मोह वेचाले जात होती न मी," ती म्हणाली. "वाकून वाकून. पोट दबलं असन." मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वाकूनच वेचावी लागतात. पलीकडची एक म्हणाली, तिने ग्रहणात विळीवर भेंडी चिरली. तिसरीने दिराच्या मोटारसायकलवर एका अंगाला बसून प्रवास केला होता. कोपऱ्यात यवतमाळची एक बँकेतली बाई होती. तिला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली होती आणि महिनोन् महिने ती पलंगावरून उठली नव्हती. "मी सारखी डाव्या कुशीवर पडून होते," ती खालमानेने म्हणाली. "त्यानेच झालं."

झरी जामणीची पोर तिच्याकडे बघतच राहिली. "तुमी पडून होत्या, तरी?" मग ती माझ्या मुलीकडे वळली. "मंग मी वाकली म्हनून, ह्या पडून राह्यल्या म्हनून, त्या बसून गेल्या म्हनून. बाईनं पोटुशीपनी राहावं त कसं?"

आधी बँकेतली बाई हसली, मग भेंडीवाली, आणि मग माझी मुलगी. बाळंत झाल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. सिस्टर दारातून "शांतता राखा" म्हणाली तरी हसणं थांबेना. आमचा नंबर आला तेव्हा मुलीने नातीचा गुडघा स्वतः धरला आणि डॉक्टरांच्या अंगठ्यावरून नजर हलवली नाही. नात रडली, पण आईच्या छातीशी.

असे बरेच बुधवार गेले. दर खेपेला प्लास्टर निघालं की पाऊल थोडं बाहेर आलेलं असायचं. शेवटी टाचेजवळची शीर मोकळी करायला एक बारीकसा छेद घेतला, त्यावर अखेरचं प्लास्टर, आणि मग पट्टीने जोडलेले दोन चिमुकले बूट. याच दिवसांत एकदा मी जास्वंदीमागची पानं काढत होते तर आत, भिंतीच्या बाजूला एक फूल दिसलं. देठाला वात लोंबत होती. बांधलेल्या कळ्यांतली एक गळली नव्हती, आणि मी तिला साफ विसरले होते. फूल बऱ्यापैकी सरळ होतं, फक्त एका पाकळीवर बोटाच्या पेराएवढी मोड राहिली होती. मुलीला हाक मारून दाखवलं. तिने त्या मोडीवरून बोट फिरवलं. मी तोडायला गेले तर म्हणाली, "राहू दे झाडावर."

मग ती तिच्या घरी गेली. घर रिकामं झालं आणि मी पुन्हा गॅसवाल्यावर ओरडायला लागले. वेचणीच्या दिवसांत जावयाने फोनवर एक फोटो पाठवला. पांढरंफट वावर, नात बांधावरच्या झाडाखाली दोरीच्या झोळीत, बुटांसकट, आणि माझी मुलगी ओळीत उभी, कमरेला कापसाने टम्म फुगलेली झोळी. गाठ डाव्या अंगालाच होती. तो फोटो मी मोठा करकरून बघितला आणि एकटीच बसून मनसोक्त रडले.

उन्हाळ्यात दोघी आल्या. बूट आता फक्त झोपताना. नात दोन्ही हातांनी काहीतरी धरून चार पावलं टाकत होती. डावं पाऊल उजव्यापेक्षा जरासं लहान आहे आणि तसंच राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घातला, डाळिंबाखालची बरीचशी फुलं वेचून परातीत घेतली, आणि तेवढ्यात मुलीने नातीला अनवाणी अंगणात सोडलं. तिने कुंडीची कड धरली. कड सुटली. ती डाळिंबाखाली मोकळी उभी राहिली, आणि समोरच्या लाल फुलांकडे बघून निघाली.

"अगं, फुलं!" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. मुलगी तिला उचलायला धावली.

डावं पाऊल फुलावर पडलं. आधी बोटं, मग चवडा, मग टाच. पुरती टाच, जमिनीला टेकलेली. पाऊल उचललं तेव्हा एक चुरगळलेली पाकळी टाचेला चिकटून वर आली.

"थांब, उचलू नको तिले," मी म्हणाले.

"अवं, पन तुह्यी फुलं तुडवून राह्यली थे!"

"तुडवू दे."

फाटकात गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा होता. "मॅडम, मग आम्ही बी..."

"तू नाही," मी म्हटलं.

नात थांबली होती. पुढे ओली, मोकळी फरशी होती, तिथली फुलं मीच तर वेचली होती. मी परात घेऊन तिच्यासमोर बसले, ओंजळभर फुलं उचलली आणि तिच्या पुढच्या पावलापुढे टाकली.